वाटाण्याचा वेल आणि तारामतीचा प्रश्न

चाहता : दादासाहेब फाळक्यांचा विषय निघाला की सगळे ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरुवात करतात. मला विचाराल तर सुरुवात एका कुंडीपासून करायला हवी. १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. यंत्र हाती होतं, ते चालवण्याची विद्याही बरीच पदरात पडली होती, पण पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. चित्रपट म्हणजे परदेशातून डब्यात बंद होऊन येणारी वस्तू, ती दादरच्या बिऱ्हाडात कशी तयार होणार? लोकांची खात्री पटवायला त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर रोखून ठेवला. मातीतून कोंब निघतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत वर चढतो, हे थोडं थोडं करून टिपलं. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. रोज एक चित्र घेतलं, असं ही गोष्ट सांगणारे म्हणतात. मी एकदा हिशेब मांडून पाहिला. त्या काळच्या मानानं सेकंदाला सोळा चित्रं धरली, तर महिन्याभराची तीस चित्रं दोन सेकंदांत संपतील. पडद्यावर मिनिटभर वेल वाढताना दाखवायचा असेल तर साडेनऊशेच्या वर चित्रं लागतात. म्हणजे महिनाभर दिवसातून तीसेक वेळा त्या कुंडीपाशी जायचं, कॅमेरा तसूभर हलू द्यायचा नाही आणि घरातल्या पोरांनाही तिकडे फिरकू द्यायचं नाही. आणि हे करणारा माणूस कोण? थोड्याच काळापूर्वी रोज चार-पाच तास सिनेमे बघून, घरी खेळण्यातल्या यंत्रावर रात्री जागवून, डोळे गमावून बसलेला. उपचारांनी दृष्टी परत आली, आणि परत आलेली दृष्टी त्यानं वाटाण्यावर लावली.

पैसेवाल्याला दाखवायला कुस्ती चालली असती, मिरवणूक चालली असती. सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईतली कुस्ती १८९९ मध्येच टिपली होती. फाळक्यांनी मात्र अशी गोष्ट निवडली जी कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही. आई मुलाला अष्टौप्रहर बघते, पण मूल वाढताना तिला कधी दिसत नाही. झबलं आखूड झालं की कळतं. हा माणूस काळालाच विचारत होता, तू आमच्या डोळ्यांदेखत इतकं लपवतोस कसं? मला फाळके द्रष्टे वाटतात ते या कुंडीपाशी.

चिकित्सक : कुंडीची गोष्ट मलाही आवडते. तुमचा हिशेबही पटला. पण त्या कृतीला तुम्ही जे नाव देताहात त्याला माझी हरकत आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकाच पिशवीत टाकतो. जिज्ञासा आणि चिकित्सा. जिज्ञासा म्हणजे जाणून घ्यायची ओढ. चिकित्सा म्हणजे दुखतंय कुठे ते दाबून बघणं. तिथे रोगी कण्हतो, नातेवाईक रागावतात, आणि दाबणाऱ्यालाही धीर लागतो. वाटाण्याला ‘तू कसा वाढतोस’ असं विचारलं तर जगात कुणाचीही भावना दुखावत नाही. फाळक्यांचं सगळं आयुष्य या ‘कसं’ भोवती फिरलं, हे मी आनंदानं मान्य करतो. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरातला मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला, छायाचित्रण शिकला, ठसे कोरायला शिकला, रविवर्म्याच्या छापखान्याची कामं केली, स्वतःचा छापखाना काढला, मधेच जादू शिकून आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ झाला. चित्र उमटतं कसं, हा एकच ध्यास. कागदावर उमटतं कसं, काचेवर कसं, पडद्यावर कसं. मोठा ध्यास आहे. पण त्यात ‘का’ कुठे आहे?

आणि ‘का’ विचारण्याची सोय त्या काळात नव्हती, असं कृपा करून म्हणू नका. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली आलं; तेव्हा फाळके तीन वर्षांचे होते. मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार घेऊन जोतीरावांनी त्यांची झडती घेतली. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये सुरू झाला. म्हणजे ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा या प्रांतात पुराणाला जाब विचारण्याची परंपरा चाळीस वर्षांची झाली होती. आणि या जिज्ञासू माणसानं पहिल्या चित्रपटासाठी कोणती कथा निवडली? राजा ऋषीला राज्य देतो, वरच्या दक्षिणेपायी बायको आणि मूल विकतो, मुलगा मरतो, शेवटी स्वतःच्या बायकोवर तलवार उगारतो. या सगळ्यात त्या बायकोला, तारामतीला, कुणी काही विचारलं का? राजाचं सत्त्व टिकलं, पण किंमत कुणी मोजली? कथेतल्या माणसांनी विचारलं नाही हे ठीक. कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसानंही विचारलं नाही.

चाहता : तुमचा आरोप कडक आहे आणि तो टाळून पुढे जायची माझी इच्छा नाही. पण ‘का’ फक्त शब्दांतच विचारता येतो, असं तुम्ही धरून चालला आहात. फाळक्यांच्या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एक ‘का’ आहेच. गिरगावच्या तंबूत त्यांनी येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या सरकू लागली, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. हे भक्तीचं वाक्य म्हणून वाचलं जातं. मी ते वेगळं वाचतो. या पडद्यावर आम्ही का नाही? आमच्या चेहऱ्यांना, आमच्या गोष्टींना इथे जागा का नाही? १९११ च्या सुमाराला, एका गुलाम देशात, हा प्रश्न साधा नव्हता. आपला धंदा स्वदेशी आहे, कारण भांडवल, मालक, कामगार आणि गोष्टी सगळं इथलं आहे, अशी त्यांची मांडणी होती. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले ते काही केवळ यंत्राच्या नादानं नव्हे.

आता कृतीतले प्रश्न बघा. हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास पडद्यावर मरतो. पोराला खोटं का होईना, पण मरताना दाखवायचं, या भीतीनं कुणी आपला मुलगा द्यायला धजेना. फाळक्यांनी स्वतःचा भालचंद्र उभा केला. बायका मिळेनात, अगदी नाचगाणं करून पोट भरणाऱ्या बायकांनीही नकार दिला. तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत राबणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पण फाळके तिथे थांबले नाहीत. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आपल्याकडे काम करणाऱ्या नटांना ते सांगत, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहे म्हणा. सिनेमात आहे म्हटलं की सोयरीक मोडायची, म्हणून. ज्या समाजात एवढं लपवावं लागतं तिथे साठ-सत्तर माणसांचा संसार एका छपराखाली चालवणं, समुद्र ओलांडणं, मुलाला मरणाच्या भूमिकेत निजवणं, यातल्या प्रत्येक गोष्टीत रूढीला एक ‘का’ विचारलेला आहे. तो त्यांनी निबंध लिहून विचारला नाही, एवढंच.

चिकित्सक : इथे तुम्ही माझ्यासाठी दार अर्धं उघडलंत, त्यातून मी आत येतो. भालचंद्राला उभं केलं ते दुसरा मुलगा मिळाला नाही म्हणून. दुर्गाबाईंना घेतलं ते पुरुषाचा हनुवटीवरचा हिरवटपणा कॅमेऱ्यापुढे लपत नव्हता म्हणून. काम अडलं की माणूस रूढी मोडतो. शेतकरी पेरणीच्या दिवशी मुहूर्त बाजूला ठेवतो, तेवढ्यानं त्याचा पंचांगावरचा विश्वास उडत नाही. अडचणीतून सुटण्यासाठी मोडलेली रूढी आणि विचारपूर्वक तपासलेली रूढी यांत फरक असतो. पहिली दुसऱ्या दिवशी परत जोडता येते.

पण माझी खरी हरकत अजून पुढेच आहे आणि ती फाळक्यांच्या कौशल्याविषयी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा शेवट आठवा. राजानं तलवार उगारली आहे. समोर तारामती. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न नेमका इथेच उठायला हवा, हे का चाललंय? कुणाच्या सत्यासाठी? आणि नेमक्या त्याच क्षणी शंकर प्रकट होतो. ही सगळी परीक्षा होती, मुलगा जिवंत, राज्य परत. फाळक्यांची सगळी हातचलाखी, कॅमेरा थांबवून माणूस आणायचा आणि परत सुरू करायचा, ती बरोबर त्या जागी येते. प्रेक्षक ‘हे का’ विचारायच्या बेतात असतो, आणि समोर असं काही घडतं की तो ‘हे कसं’ म्हणून आ वासतो. म्हणजे त्यांच्या ‘कसं’नं आपल्या ‘का’ची जागा घेतली. मला हे जास्त गंभीर वाटतं. नुसती चिकित्सा न करणं वेगळं. चिकित्सेच्या ऐन क्षणी चमत्कार आणून ठेवणं वेगळं.

आणि त्याचा परिणाम त्यांनी पाहिला होता. ‘लंकादहन’ १९१७ चा. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. राम पडद्यावर आला की लोक जोडे काढत, हात जोडत. बडोद्याला असताना, कॅमेरा माणसाचं सत्त्व शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा उठून याच फाळक्यांचा छायाचित्रणाचा धंदा बसला होता. यंत्रात दैवी किंवा सैतानी शक्ती आहे असं लोकांनी मानलं की काय होतं, हे त्यांनी पोटावर सोसलं होतं. वीस वर्षांत त्याच लोकांनी त्याच यंत्रापुढे हात जोडले. मला सांगा, या दोन गर्दींत फरक काय?

चाहता : ही तुलना मला बोचते. खोटं बोलणार नाही. त्या दोन गर्दी शेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

तरीही एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवतो. जादूगाराचा धर्म काय असतो? युक्ती उघड करायची नाही. ज्या वर्षी ‘लंकादहन’ आला, ज्या वर्षी लोक रामापुढे हात जोडत होते, त्याच १९१७ साली फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः दिसतात. नटांना समजावताना दिसतात, फिल्मच्या पट्ट्या हातात धरून निवडताना, जुळवताना दिसतात. देव जिथे तयार होतो त्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच उघडलं. प्रोफेसर केळफानं टोपीचा तळ काढून प्रेक्षकाला दाखवला. यामागे धंद्याचं कोणतं शहाणपण होतं? मला तर उलटंच दिसतं. धंद्याचं हित झाकून ठेवण्यात होतं.

आणि ‘कालिया मर्दन’ बघा, १९१९ चा. त्याचा बराच भाग आज शाबूत आहे, तो बघता येतो. गोष्ट यमुनेच्या डोहापासून सुरू होत नाही. आधी एका लहान मुलीचा चेहरा येतो. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सहा-सात वर्षांची. ती रागावते, हसते, घाबरते, लाडात येते. ही मुलगी आहे, ती अभिनय करते, बघा कसे भाव बदलते, असं आधी सांगून झाल्यावर तोच चेहरा हळूहळू कृष्णाचा होतो. मुकुट चढतो, मोरपीस येतं. आता तुम्ही हात जोडा किंवा जोडू नका. पण ही पोर आहे हे तुम्हाला आधी दाखवलेलं आहे. काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’, ‘पिठाचे पंजे’, तळेगावच्या काच कारखान्यावरची फिल्म, ही त्यांची छोटी कामं कुणी आठवत नाही. त्या कामांत देव नाहीत. काडी आहे, पीठ आहे, वितळलेली काच आहे. त्यांत तुम्हाला असा माणूस सापडतो ज्याला जगातली कुठलीही वस्तू साधी वाटत नव्हती.

चिकित्सक : मंदाकिनीचा चेहरा हा तुमचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे, आणि मी त्याच्याकडे परत येणार आहे. पण आधी दुसऱ्या एका घराकडे बघू, कारण तुलनेशिवाय माझं म्हणणं हवेत राहील.

ज्या १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच साली कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं. हा माणूस फाळक्यांच्याच जातकुळीचा. चित्र छापण्याच्या ठशांवर, हाफटोनवर त्यांनी इतकं बारीक काम केलं की इंग्लंडमधल्या मुद्रणाच्या वार्षिकात त्यांचे लेख छापले गेले. म्हणजे तिथेही सुरुवात ‘चित्र उमटतं कसं’ इथूनच झाली. पण त्या घरात ‘कसं’ तिथेच संपलं नाही. नातू सत्यजित रायनं १९६० मध्ये ‘देवी’ केला. म्हाताऱ्या जमीनदाराला स्वप्न पडतं की आपली सून दयामयी साक्षात कालीमाता आहे. सतरा वर्षांच्या पोरीला पाटावर बसवतात, ओवाळतात, तीर्थ घेतात. एक आजारी मूल बरं होतं, झालं, लोक लांबून लांबून येतात. आणि मग घरातलंच मूल आजारी पडतं, वैद्याऐवजी त्याला देवीच्या मांडीवर ठेवतात, आणि ते मरतं. तिथे शंकर प्रकट होत नाही. कॅमेरा थांबवून कुणी आणलं जात नाही. तारामतीला कुणी विचारला नाही तो प्रश्न रायनं दयामयीच्या चेहऱ्यावर सोडून दिला.

बंगालपर्यंत जायलाही नको. १९३७ साली फाळक्यांचा एकमेव बोलपट आला, कोल्हापूर सिनेटोनचा ‘गंगावतरण’. त्याच साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. एकीकडे गंगा स्वर्गातून उतरते. दुसरीकडे शांता आपटेची नीरा, बापाच्या वयाच्या माणसाशी लावून दिलेलं लग्न, मानत नाही म्हणजे नाही. दोन्ही चित्रपट मराठी जगातले, एकाच वर्षाचे. ज्या माणसानं पंचवीस वर्षांपूर्वी यंत्र आणलं तो अजून गंगाच उतरवत होता.

चाहता : ‘गंगावतरण’च्या वेळी ते सदुसष्ट वर्षांचे होते. हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या भागीदारांशी बिनसलं होतं, मूकपट संपले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. माणूस म्हणून तो तपशील जवळ ठेवावा असं वाटतं, इतकंच.

राय घराण्याचं तुमचं उदाहरण मी तुमच्यावरच उलटवतो. उपेंद्रकिशोर, मग सुकुमार, मग सत्यजित. तीन पिढ्या. पहिल्या पिढीनं ‘देवी’ केला नाही. पहिल्या पिढीनं ठसा कोरला. ज्या घरात आजोबानं ‘कसं’ विचारलं तिथे नातवाला ‘का’ विचारायला हात मोकळे मिळाले. ‘कसं’ ही ‘का’ची आधीची पायरी असेल, हे तुम्ही नाकारू शकत नाही. ज्याला चित्र कसं बनतं हे ठाऊक आहे तो चित्रापुढे सहज लोटांगण घालत नाही. फाळक्यांनी सबंध प्रांताला ‘हे बनतं’ एवढं शिकवलं. कुणीतरी कुंडीपाशी पहिला महिना काढावा लागतो...

चिकित्सक : थांबा. वाटाण्याला रूपक करू नका. वेल आपोआप वाढतो, त्याला फक्त पाणी लागतं. ‘कसं’मधून ‘का’ आपोआप उगवत नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातून घराघरांत देव गेले; तिथला ठसे उचलणारा कामगार चित्र कसं बनतं हे आपल्यापेक्षा जास्त जाणत होता, आणि संध्याकाळी तेच चित्र भिंतीला लावून उदबत्ती ओवाळत होता. ज्ञान हातात राहतं, डोक्यापर्यंत चढेलच असं नाही. आजही उपग्रह सोडायच्या आधी नारळ फुटतो. ‘कसं’ अगदी पूर्ण जाणणारी माणसं ‘का’पाशी येऊन अदबीनं थांबतात. म्हणून मी तुमच्या पायरीवर विश्वास ठेवत नाही.

चाहता : उदबत्ती ओवाळणाऱ्या कामगाराबद्दल मी तुमच्याइतकी खात्रीनं बोलणार नाही. ज्यानं ठशाची शाई पुसलीय तो ओवाळतो तेव्हा कदाचित आपल्यापेक्षा वेगळ्या गोष्टीला ओवाळतो. स्वतःच्या हातातून जे उमटलं त्याचं नवल त्यालाही वाटत असेल. नवल आणि अंधश्रद्धा यांना एकाच दोरीनं बांधू नका. फाळक्यांच्या बाबतीत मला सतत हे जाणवतं. ते श्रद्धाळू होते, यात वाद नाही. पण त्यांची श्रद्धा भित्री नव्हती. युक्ती दाखवली तर देव लहान होईल अशी धास्ती त्यांना वाटली असती तर मंदाकिनीचा चेहरा त्यांनी आधी दाखवलाच नसता. 

मला प्रभातचाच ‘संत तुकाराम’ आठवतो, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. त्यात चमत्कार भरपूर आहेत, शेवटी गरुडाचं विमान येतं. ती सगळी कारागिरी फाळक्यांच्याच परंपरेतली. पण त्याच चित्रपटात तुकारामाची बायको जिजाई आहे. ती विठोबाला बोल लावते, पोरांच्या पोटाचं विचारते, म्हशीकडे बघते. तुकाराम वैकुंठाला निघतो आणि ती संसारापाशीच राहते. विमान आणि जिजाई एकाच चौकटीत राहू शकतात. मला वाटतं, मराठी सिनेमा तिथे आपल्या खऱ्या उंचीला पोचला. विमान नसतं तर जिजाई नुसती तक्रार झाली असती, आणि जिजाई नसती तर विमान नुसतं खेळणं.

चिकित्सक : जिजाईचं नाव काढलंत हे बरं केलंत, कारण मला सगळ्यात शेवटी जिच्याविषयी बोलायचं होतं ती तुम्हीच समोर आणली. फाळक्यांच्या घरातली जिजाई. सरस्वतीबाई.

लंडनच्या वारीनंतर पैसे उभे करायला दागिने कुणाचे गेले? तिचे. कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं काम अंधाऱ्या खोलीत रात्री कोण करत होतं? ती. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक कुणाच्या चुलीवर होता? उन्हात पांढरी चादर ताणून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला तासन्‌तास कोण उभं होतं? तारामतीचं काम करशील का, असंही तिला विचारून झालं होतं. तिनं नाही म्हटलं, कारण बाकीचं सगळं मग कोण करणार. आता तुम्ही म्हणाल, तीही शिकली, भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ तीच. खरं आहे, आणि ते सांगायलाच हवं. पण ती शिकली ते नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला. एका माणसाला वाटाण्याजवळ महिनाभर बसायची मोकळीक मिळते तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाची मोकळीक खर्ची पडलेली असते. जिज्ञासा ही काही हवेवर जगणारी गोष्ट नाही. तिला दोन वेळचं जेवण लागतं आणि ते कुणीतरी रांधतं. राजानं आपल्या सत्यासाठी तारामतीला बाजारात उभं केलं. त्या राजाची गोष्ट सांगणाऱ्या माणसानं आपल्या ध्यासासाठी बायकोचे दागिने बाजारात नेले. मी त्यांना दोष देत नाही. तिनं स्वखुशीनं दिले असतील, नव्हे, दिलेच. पण तारामतीही स्वखुशीनंच विकली गेली होती, गोष्टीत तसंच सांगतात. कथा आणि घर यांच्यात इतकं साम्य समोर असताना कॅमेऱ्यामागच्या माणसाला ते दिसलं नाही, हे मला फार लागतं. वाटाण्याची न दिसणारी वाढ ज्याला दिसली त्यालाच.

चाहता : ...याला माझ्याजवळ चटकन देता येईल असं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ‘राजा हरिश्चंद्र’ आता मला पूर्वीसारखा बघता येणार नाही. तलवार उगारली की मी तारामतीच्या जागी चादर धरून उभी असलेली बाई बघणार. पण हेही लक्षात घ्या, तुम्हाला हे साम्य दिसलं ते फाळक्यांनी ती तलवार पडद्यावर उगारली म्हणून. पोथीत ती शतकानुशतकं उगारलेली होती आणि ऐकणारे माना डोलावत होते. पडद्यावर ती एका हाडामांसाच्या माणसावर उगारलेली दिसली, खाणावळीतल्या साळुंक्यांच्या मानेवर. दिसल्यावर मग विचारता येतं. फाळक्यांनी विचारलं नाही, कबूल. त्यांनी विचारण्याजोगं करून ठेवलं.

चिकित्सक : हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं वाक्य, आणि नेमकं त्यामुळेच मला मंदाकिनीकडे परत जायचंय. तुम्ही म्हणता, मुलगी आधी दाखवली म्हणजे प्रेक्षकाला विचारायची संधी दिली. मी म्हणतो, मुलगी आधी दाखवली आणि मग तिला कृष्णात विरघळवलं म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर पोरीचा देव केला. ‘देवी’तल्या म्हाताऱ्यानं स्वप्नात जे केलं ते इथे बापानं फिल्मवर केलं. एकच दृश्य आहे. तुमचं वाचन खरं असेल तर ते भारतीय सिनेमातलं पहिलं चिकित्सक दृश्य. माझं खरं असेल तर चिकित्सेचा सगळ्यात देखणा गळफास.

चाहता : एका चेहऱ्यावरून दुसरा चेहरा येतो तेव्हा मधे काही क्षण असे असतात की पडद्यावर दोन्ही असतात. मुलीचं हसू आणि कृष्णाचा मुकुट, दोन्ही अर्धे, दोन्ही पारदर्शक. मी त्या क्षणांसाठी तो चित्रपट बघतो.

चिकित्सक : आणि मला त्याच क्षणांत जाणून घ्यायचंय की १९१९ सालच्या थिएटरात हात जोडले गेले ते केव्हा. मुलगी पूर्ण असताना, देव पूर्ण झाल्यावर, की मधे कुठेतरी, जेव्हा दोन्ही दिसत होते?

चाहता : सेकंदाला सोळा चित्रं. एकेक करून पुढे नेली तर मुलगी नेमकी कुठे संपते ते निदान पाहता येईल.

चिकित्सक : मग पाहू. पण यंत्राची मूठ माझ्या हातात द्या. जिथे थांबवावंसं वाटेल तिथे मी थांबवणार.